दत्तकाचे नाव आणि अनाथाचा हक्क

काही वर्षांपूर्वी जिंतूर तालुक्यातील एका गावी निकाहला उपस्थित होतो. काझीसाहेबांनी निकाहनामा भरताना मुलीच्या वडिलांचे नाव विचारले आणि मांडवात क्षणभर शांतता पसरली. मुलीला दुधाच्या वयापासून वाढवणारे तिचे खालू काझींच्या शेजारी बसले होते. जन्मदाते वडील मागच्या रांगेत, पाहुण्यासारखे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आधार कार्डावर आणि लग्नपत्रिकेवर खालूंचे नाव होते. वराकडच्या मंडळींना याची कल्पना नव्हती. वृद्ध काझींनी दोन-तीन प्रश्न विचारून खरी हकीकत जाणून घेतली, मागच्या रांगेतील माणसाला पुढे बोलावले आणि वली म्हणून त्याची संमती घेऊन त्याचेच नाव लिहिले. खालू मान खाली घालून बसले होते. मुलीला ही गोष्ट त्याच दिवशी समजली की आधीपासून ठाऊक होती, हे तिला विचारण्याचे धाडस कोणी केले नाही.

पुढे चार वर्षांनी खालूंचे निधन झाले. सहा एकर जमीन आणि राहते घर मागे राहिले. वाटणीचा विषय निघाला तेव्हा त्यांच्या भावांनी एका आलिमांना विचारले आणि उत्तर मिळाले की मुतबन्ना, म्हणजे मानलेले मूल, शरीअतीनुसार वारस ठरत नाही. उत्तर अचूक होते. परंतु वीस वर्षे त्या मुलीला दुसऱ्याचे नाव लावले जात असताना याच घरात कोणाला शरीअत आठवली नव्हती. नाव देताना ती विसरली गेली आणि जमीन देण्याची वेळ आली तेव्हा आठवली. मला या लेखात विचारायचे आहे ते इतकेच की, दत्तकाला पुत्र ठरवण्याची इस्लामने केलेली मनाई कोणाच्या रक्षणासाठी आहे? घरच्या मालमत्तेच्या, की त्या मुलाच्या?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधी राजघराण्यांकडे पाहावे, कारण दत्तक कशासाठी घेतले जाते हे तेथे सर्वांत उघड दिसते. सामान्य घरात प्रेमाचा पडदा असतो. राजवाड्यात तो फारसा जाड नसतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात याची उदाहरणे भरपूर आहेत. साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब यांनी 5 एप्रिल 1848 रोजी मृत्युशय्येवर दत्तक घेतला. लॉर्ड डलहौसीने तो अमान्य करून राज्य खालसा केले. झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांनी नोव्हेंबर 1853 मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी आनंदराव नावाच्या जेमतेम पाच वर्षांच्या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. कंपनीची भूमिका अशी की दत्तकाला खासगी मिळकत मिळेल, राज्य मिळणार नाही. पुढचा रक्तरंजित इतिहास सर्वांना माहीत आहे. बडोद्यास मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून आणलेला गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा 1875 मध्ये सयाजीराव झाला. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, कोल्हापूरचे शाहू झाले. हे दोघे पुढे आपल्या प्रांताचे भाग्य ठरले. 1906 मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभारणाऱ्या शाहू महाराजांचे ऋण आपल्या समाजाने तर विसरूच नये.

तेव्हा माझा आक्षेप या व्यक्तींवर नाही. पाहायचे आहे ते एवढेच की, या प्रत्येक प्रसंगी रिकामी होती ती गादी. मूल अनाथ नव्हते. त्याला घर, आई-बाप, गाव आणि नाव सर्व काही होते. गादीची गरज भागवण्यासाठी त्या मुलाचे नाव बदलले, कुळ बदलले आणि जन्मदात्या घराशी असलेला त्याचा कायदेशीर संबंध तुटला. 1857 नंतर इंग्रज सरकारने धोरण बदलले. 1862 मध्ये संस्थानिकांना सनदा दिल्या गेल्या, त्यांत हिंदू राजांना दत्तकाची मोकळीक दिली गेली आणि मुस्लिम संस्थानिकांना मुस्लिम कायद्यास धरून जो उत्तराधिकारी ठरेल तो मान्य होईल असे लिहून मिळाले. दत्तकाचा शब्द त्यांच्या सनदेत आला नाही, कारण तो त्यांच्या कायद्यातच नव्हता.

प्राचीन रोममध्ये हीच पद्धत अधिक मोठ्या प्रमाणावर आणि अधिक निर्विकारपणे वापरली गेली. तेथे सम्राटांनी बालके नव्हे, बहुधा वाढलेले पुरुषच दत्तक घेतले. ज्युलियस सीझरने मृत्युपत्रातून आपल्या बहिणीच्या नातवाला पुत्र ठरवले; तोच पुढे ऑगस्टस म्हणून पहिला सम्राट झाला. ऑगस्टसने इसवी सन 4 मध्ये, अन्य वारस मरण पावल्यावर, चाळिशी ओलांडलेल्या टायबेरियसला दत्तक घेतले आणि टायबेरियसला स्वतःचा मुलगा असूनही आधी पुतण्याला दत्तक घेण्यास भाग पाडले. क्लॉडियसची कथा तर कुरआनच्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. त्याने इसवी सन 50 मध्ये पत्नीच्या आधीच्या मुलाला, नीरोला, पुत्र करून घेतले. आपली मुलगी ऑक्टेव्हिया हिचा त्याच्याशी विवाह त्याने आधीच ठरवला होता. परंतु कायद्याने ती दोघे आता भाऊ-बहीण झाली होती. तोड काय काढली? सख्ख्या मुलीला कागदोपत्री दुसऱ्या कुळात दत्तक दिले. परका मुलगा झाला आणि मुलगी परकी झाली. क्लॉडियसचा औरस पुत्र ब्रिटॅनिकस नीरो गादीवर आल्यानंतर काही महिन्यांतच मरण पावला, आणि त्याला विष दिले गेले असे रोमन इतिहासकारांनीच लिहून ठेवले आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. नर्व्हाने 97 मध्ये ट्रेजनला दत्तक घेतले; त्याच्यानंतर हेड्रियन, अँटोनायनस पायस आणि मार्कस ऑरेलियस हे सर्व दत्तकमार्गाने सत्तेवर आले, आणि रोमन इतिहासातील सर्वोत्तम राज्यकर्त्यांत त्यांची गणना होते. मार्कस ऑरेलियसने 180 मध्ये सत्ता पोटच्या मुलाकडे जाऊ दिली आणि त्या कोमोडसने ती धुळीस मिळवली. मग रक्तापेक्षा निवड श्रेष्ठ नव्हे काय? निवड श्रेष्ठ आहे यात शंकाच नाही. परंतु मार्कसच्या आधीच्या चौघांपैकी कोणाच्याही मागे मुलगा हयात नव्हता, हे विसरले जाते. ज्याला मुलगा होता त्याने मुलालाच निवडले. शिवाय रोमला लायक माणूस सापडत असे, पण त्याला ‘पुत्र’ म्हटल्यावाचून त्याच्या हाती कारभार सोपवता येत नसे. गुणाला मान देण्यासाठी नात्याचे असत्य उच्चारावे लागे. आपल्याकडील सुलतानांनी याहून काही चांगले केले असे मी म्हणणार नाही. त्यांनी दत्तक घेतले नाही हे खरे, पण तख्तासाठी सख्ख्या भावांचे डोळे काढले हेही तितकेच खरे आहे.

आता पवित्र कुरआनकडे वळू. राजघराण्यात मूल दत्तक घेण्याचा विचार कुरआनमध्ये दोन ठिकाणी येतो आणि दोन्ही घटना इजिप्तमधील आहेत. हजरत यूसुफ (अ.) यांना विकत घेणारा अधिकारी आपल्या पत्नीस सांगतो की याला सन्मानाने ठेव, कदाचित हा आपल्या उपयोगी पडेल किंवा आपण याला पुत्र करून घेऊ (सूरह यूसुफ, आयत 21). फिरऔनची पत्नी नदीतून आलेल्या हजरत मूसा (अ.) यांच्याविषयी नेमके हेच शब्द उच्चारते (सूरह अल-कसस, आयत 9). तिच्या मनात दया होती आणि ती पुढे ईमानवंत ठरली. तरीही राजवाड्याच्या भाषेत ‘उपयोग’ आधी येतो आणि ‘पुत्र’ नंतर. अल्लाहने काय केले? मूसांना दुसऱ्या कोणाचे दूध चालेना आणि ते आपल्या खऱ्या आईच्या कुशीत परत आले. तिचे डोळे निवावेत म्हणून, असे कुरआन कारणही सांगतो. पुढे दरबारात फिरऔनने आम्ही तुला लहानाचे मोठे केले हे उपकार ऐकवले तेव्हा मूसांनी त्याला तोंडावर विचारले की, माझ्या कौमला गुलाम करून ठेवलेस, त्याचे काय?

याउलट तिसरी घटना पाहा. हजरत मरयम (अ.) यांचे संगोपन हजरत झकरिया (अ.) यांनी केले. कुरआनने त्यासाठी जो शब्द योजला आहे त्याच धातूपासून ‘कफालत’ हा शब्द आला आहे. झकरियांना मूल नव्हते, वय झाले होते आणि आपल्यामागे धर्मकार्य चालवणारा वारस हवा अशी त्यांची तळमळ होती. वाढवलेली, गुणवान मुलगी समोर होती. तिला आपल्या नावाची करून घ्यावे असे त्यांनी म्हटले नाही. तिच्यावरील अल्लाहची कृपा पाहून त्यांनी तेथेच स्वतःच्या अपत्यासाठी दुआ केली. कुरआन जेव्हा मरयमचा पित्यासह उल्लेख करतो तेव्हा तिला इमरानची कन्या म्हणतो (सूरह अत-तहरीम, आयत 12). इमरान तिच्या संगोपनास हयात नव्हते असे भाष्यकार सांगतात. ज्याने वाढवले त्याचे पुण्य शाबूत आहे आणि ज्याने जन्म दिला त्याचे नाव शाबूत आहे. दोघांपैकी कोणाचेही काही हिरावले गेले नाही.

हजरत झैद (रजि.) यांची हकीकत सर्वांना परिचित आहे, तरी तिचा एक भाग पुन्हा वाचण्याजोगा आहे. लहानपणी लुटारूंनी पळवून नेलेला हा मुलगा उकाझच्या बाजारात विकला गेला आणि हजरत खदीजा (रजि.) यांच्या घरातून प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. वडील हारिसा शोध घेत मक्केस आले तेव्हा प्रेषितांनी निवड मुलावर सोपवली आणि झैदनी प्रेषितांपाशी राहणे पसंत केले. तेव्हा प्रेषितांनी काबागृहापाशी त्यांना पुत्र म्हणून जाहीर केले आणि लोक त्यांना झैद बिन मुहम्मद म्हणू लागले. यापेक्षा पवित्र दत्तकविधान कल्पनेतही येत नाही. तेथे गादी नव्हती, उपयोगाचा हिशेब नव्हता, खुद्द मुलाने निवड केली होती. तरीही सूरह अल-अहजाबमध्ये आदेश आला की दत्तकांना त्यांच्या जन्मदात्यांच्या नावाने हाक मारा, कारण अल्लाहपाशी तेच अधिक न्यायाचे आहे.

‘अधिक न्यायाचे’ या शब्दापाशी थांबावे असे मला वाटते. रक्ताची शुद्धता, कुळाची प्रतिष्ठा किंवा मालमत्तेचे रक्षण यांपैकी कोणतेही कारण आयतीने दिलेले नाही. कारण न्यायाचे आहे. न्याय कोणाशी? मुलगा हरवून वणवण फिरलेल्या हारिसांशी, आणि स्वतः झैदशी. त्याच आयतीत पुढे म्हटले आहे की वडील ठाऊक नसतील तर ती मुले तुमचे धर्मबंधू आणि तुमची आपली माणसे आहेत. म्हणजे नाव काढून घेतल्यावर त्या मुलाला उघड्यावर सोडलेले नाही. हजरत अबू हुझैफा (रजि.) यांचे मानलेले पुत्र सालिम (रजि.) यांच्या वडिलांचा पत्ता नव्हता. ते सालिम मौला अबी हुझैफा म्हणून ओळखले जाऊ लागले आणि ज्यांच्याकडून कुरआन शिकावा असे प्रेषितांनी सांगितले त्या मोजक्या लोकांत त्यांचे नाव आहे. झैद तर एकमेव सहाबी ठरले ज्यांचे नाव कुरआनमध्ये आले. मूताच्या मोहिमेत ते पहिले सेनापती होते आणि तेथेच शहीद झाले. प्रेषितांनी आयुष्याच्या अखेरीस ज्या सैन्याची तयारी केली त्याचे नेतृत्व झैदपुत्र उसामा (रजि.) या विशीच्या आतबाहेरच्या तरुणाकडे दिले. ज्या कामासाठी रोमला पुत्रत्वाचे असत्य लागत होते, ते येथे वडिलांचे खरे नाव धारण केलेल्या माणसाला विश्वासाने मिळाले.

नाव बदलल्याने मूळ पुसले जात नाही, याचे एक उदाहरण आपल्या परभणी जिल्ह्यातच आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन बहरी हा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील. फरिश्ता हा इतिहासकार अहमदनगरच्या दरबारात राहिलेला होता. त्याच्या सांगण्यानुसार हा ब्राह्मण मुलगा विजयनगरच्या प्रदेशात बहमनी सैन्याच्या हाती लागला, राजवाड्यात गुलाम म्हणून वाढला, शहजाद्याबरोबर शिकला आणि नव्या नावाने वजीर झाला. वडील भैरव, म्हणून लोक त्याला हसन भैरू म्हणत, आणि त्याचेच पुढे बहरी झाले असे तो सांगतो. राजवाड्याने नाव दिले, तरी बापाचे नाव अपभ्रंश होऊन का होईना पुढे टिकून राहिले. मुलगा अहमद याने 1490 मध्ये स्वतंत्र राज्य स्थापले. नातू बुऱ्हाण निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पूर्वजांचे गाव म्हणून पाथरी मागितली, नकार मिळाल्यावर लढून घेतली आणि तेथील आपल्या ब्राह्मण आप्तांना दिली. तीन पिढ्या उलटल्या, धर्म बदलला, राज्य आले, तरी माणूस आजोबाचे गाव शोधत राहिला. मग आपण शाळेच्या दाखल्यावर एक ओळ खोटी लिहून मुलाला त्याच्या मुळाचा विसर पडेल असे कसे धरून चालतो?

तेव्हा मनाईचा अर्थ असा की मूल हे निपुत्रिकाची उणीव भरण्याचे साधन नाही. मुलाचे नाव मुलाचे आहे. आपल्या जन्मदात्या आई-वडिलांकडून येणारा त्याचा वारसाहक्कही त्याचाच आहे आणि दुसऱ्या घरी वाढल्याने तो बुडत नाही. ही मनाई आपण उलटी करून अनाथाला दारातून परत पाठवण्यासाठी वापरली, तर ती आयत आपल्याच विरोधात साक्ष देईल. अनाथाचे संगोपन करणारा जन्नतमध्ये दोन बोटांइतका आपल्याजवळ असेल, असे सांगणारे प्रेषित (स.) आणि हा आदेश पोहोचवणारे प्रेषित (स.) वेगळे नाहीत.

शरीअतीने वाटा बंद केलेल्या नाहीत, हे आपल्या घरांत पुरेसे सांगितले जात नाही. वसीयत मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत करता येते आणि ती वारस नसलेल्यासाठीच असते. मुतबन्ना वारस नसतो, म्हणूनच तो तिचा पहिला हक्कदार ठरू शकतो. जिंतूरच्या त्या खालूंनी वसीयत केली असती तर सहा एकरांपैकी दोन एकर मुलीला मिळाले असते. उरलेल्या चारांत मूल नसलेल्या पतीची पत्नी म्हणून खालाला चौथा हिस्सा, एक एकर, आणि तीन एकर भावांना. कोणाचाही हक्क मारला गेला नसता. याशिवाय हयातीत, धडधाकट असताना हिबा करून ताबा दिला तर मर्यादाही नाही. शेवटच्या आजारातील हिबा मात्र वसीयतीप्रमाणेच मोजला जातो, म्हणून ‘पाहू पुढे’ म्हणत बसण्यात मुलाचे नुकसान असते. परद्याचा प्रश्नही खराच आहे. मूल दोन वर्षांच्या आत असताना घरातील योग्य स्त्रीने दूध पाजले तर रजाअतचे नाते जुळते आणि पुढची अडचण सुटते. हे आधी विचारून करण्याचे काम आहे, पंधराव्या वर्षी आठवण्याचे नव्हे.

देशाचा कायदाही जाणून घ्यावा. 19 फेब्रुवारी 2014 रोजी शबनम हाशमी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस दत्तक घेता येते. त्याच निकालात हेही आहे की ही सोय ऐच्छिक आहे आणि ज्याला आपल्या धर्मनियमानुसार चालायचे आहे तो तसा चालू शकतो. 1890 चा पालक व पाल्य कायदा आजही लागू आहे आणि त्याखाली जिल्हा न्यायालयातून पालकत्व मिळते. त्यात मुलाचे नाव बदलावे लागत नाही. शाळेत पालक म्हणून आपले नाव आणि वडील म्हणून वडिलांचे, एवढी साधी नोंद केली तरी पुष्कळ गुंता टळतो. आणि मूल समजते झाले की त्याला प्रेमाने खरे सांगावे. मांडवात सर्वांसमोर ते काझीच्या तोंडून कळण्यापेक्षा खालाच्या मांडीवर कळलेले बरे.

गेल्या रमजानमध्ये त्या खालूंचे थोरले भाऊ माझ्याकडे आले होते. आलिमांनी सांगितले ते चूक होते काय, असे त्यांनी विचारले. चूक नव्हते, असे मी म्हणालो आणि सूरह अन-निसाची आठवी व नववी आयत त्यांच्यासमोर उघडली. वाटणीच्या वेळी वारस नसलेले नातलग, अनाथ आणि गरजू हजर असतील तर त्यांनाही त्यातून द्या आणि त्यांच्याशी चांगले बोला, असे एकीत आहे. आणि आपल्यामागे दुबळी लेकरे राहिली असती तर आपल्याला कशी काळजी वाटली असती याचा विचार करा, असे दुसरीत. ते बराच वेळ पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पोरगी वाटणीला आलीच नव्हती. तिला कोणी बोलावलेच नाही.” तीन भावांपैकी दोघे एक एकर तिच्या नावे करण्यास तयार आहेत. धाकट्याची समजूत काढणे चालू आहे. तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज अजून गेलेला नाही.